काश्मीरमधील ट्राउटचे फ्लाय फिशिंग

पिसे, केस आणि रेशमी धागा आकड्याला गुंडाळून केलेली कृत्रिम माशी पाण्यावर टाकून ट्राउट मासा गळाला लावण्याचा छंद. काश्मीर खोऱ्यात तो शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. लिद्दर, सिंध (मोठ्या सिंधू नदीहून वेगळी), ब्रेंगी, किशनगंगा या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले ही त्याची मुख्य ठिकाणे. यांपैकी लिद्दर मराठी माणसाच्या सर्वांत परिचयाची. अमरनाथचा यात्रेकरू पहलगामहून चंदनवाडीकडे निघतो तो पूर्व लिद्दरच्या काठाने. ती शेषनागकडून येते आणि कोलाहोई हिमनदीतून निघालेल्या पश्चिम लिद्दरला पहलगामजवळ मिळते.

ट्राउट हा मासा काश्मीरचा नव्हे, हिमालयाचाही नव्हे. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा, तर रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी ब्राउन ट्राउट खोऱ्यात रुजवण्याचे मनावर घेतले. 1899 मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्ड या इंग्लिश सरदारांनी पाठवलेली अंडी वाटेतच नासली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली अंडी मात्र तगली आणि त्यांतून पिल्ले निघाली. महाराजा प्रतापसिंग यांच्या राजवटीत मत्स्य खाते सुरू झाले, त्याची सूत्रेही मिचेल यांच्याकडेच आली. रेनबो ट्राउट त्यानंतर काही वर्षांनी आला. काश्मीरमधून हे बीज कुलू, गिलगिट आणि चित्रालकडे गेले. आज आपल्याला हे मासे तिथल्या निसर्गाचा भाग वाटतात, पण मुळात ही साहेबांच्या करमणुकीसाठी हौसेने केलेली पेरणी होती.

ती रुजली ती पाण्याच्या थंडाव्यामुळे. साधारण 10 ते 18 अंश सेल्सिअस तापमानाचे, प्राणवायूने भरलेले वाहते पाणी ट्राउटला मानवते. विशीच्या वर पारा गेला की तो खाणे सोडतो आणि पंचविशीच्या आसपास जगणे अवघड होते. सह्याद्रीतल्या नद्यांत ट्राउट का नाही, याचे उत्तर एवढ्यात आले. दक्षिणेत तो निलगिरी आणि मुन्नारच्या उंच, गार ओढ्यांतच टिकला.

नेहमीच्या गळात शिशाचे वजन असते आणि ते दोरीला ओढत नेते. कृत्रिम माशीला वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे इथे दोरी स्वतःच जड करावी लागते. ही दोरी प्लॅस्टिकचे आवरण दिलेली, जाडसर आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. तिच्या पुढे नायलॉनचा बारीक, दिसेल न दिसेल असा धागा आणि त्याच्या टोकाला माशी. लिद्दरसारख्या नदीवर साधारण नऊ फुटी लवचीक रॉड चालतो. फेकताना रॉड मागे उचलून डोक्याच्या थोडा पलीकडे थांबवायचा, दोरी पाठीमागे हवेत पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे आणायचा. नवशिक्याचे चुकते ते या थांबण्यात. दोरी उलगडण्याआधीच त्याचा हात पुढे येतो, मग चाबकासारखा आवाज होऊन माशी तुटते किंवा सगळे भेंडोळे पायाशी पडते. ताकदीचा इथे काही उपयोग नाही.

माशी बांधणे ही वेगळीच कारागिरी आहे. आकडा छोट्या पकडीत धरून त्याच्यावर धागा, लोकर आणि कोंबड्याच्या मानेचे पीस असे थर चढवतात. पिसाचे तंतू गोलाकार फुलवले की ते कीटकाच्या पायांसारखे दिसतात आणि माशीला पाण्यावर तरंगतही ठेवतात. या कलेतले सर्वांत नावाजलेले पीस आपल्या सह्याद्रीतले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना टोकाशी लाखेच्या थेंबासारखा चकचकीत पिवळट-पांढरा ठिपका असतो. माशीच्या बाजूला बसवला की तो लहान माशाच्या डोळ्यासारखा चमकतो. ब्रिटिश बांधणाऱ्यांनी ‘जंगल कॉक’ या नावाने ही पिसे, विशेषतः सामन मासा पकडण्याच्या कृत्रिम माश्यांत, मुबलक वापरली. आता या पक्ष्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्या पिसांचा व्यापार भारतात बेकायदा आहे.

पाण्यावर तरंगणारी ‘ड्राय’ माशी पंख फुटलेल्या कीटकाची नक्कल करते, तर बुडणारी ‘वेट’ माशी आणि ‘निम्फ’ (पंख न फुटलेल्या कीटकासारखी माशी) पाण्याखालच्या खाद्याची. मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय हे कीटक आयुष्याचा बहुतेक काळ नदीतल्या दगडांखाली काढतात. प्रवाहातला कुठलाही दगड उलटून पाहिला, तर चपटे, सहा पायांचे जीव त्याला चिकटलेले दिसतात. ट्राउटचे बरेचसे खाणे पाण्याखालीच होते. पृष्ठभागावर मासा उसळताना पाहणे कितीही मजेचे असले, तरी काश्मीरच्या वेगवान पाण्यात खोल सोडलेली निम्फच अनेकदा जास्त उपयोगी पडते.

मासा कुठे असेल हे पाणी वाचून ठरवायचे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला किंवा वेगवान आणि संथ पाण्याच्या सांध्यावर थांबतो. तिथे त्याला पोहण्याचे कष्ट पडत नाहीत आणि खाद्य समोरून वाहत येते. म्हणून जाणकार खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जातो. माशी प्रवाहाच्याच गतीने वाहायला हवी. दोरीला मधल्या वेगवान पाण्याने ओढले आणि माशीमागे रेघ उमटली, की मासा तिकडे फिरकत नाही. त्यासाठी दोरीचा मधला भाग मनगटाच्या झटक्याने प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाकतात.

हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. ब्राउन ट्राउट थंडीच्या तोंडावर खडीत अंडी घालतो, म्हणून तेव्हा बंदी असते. हंगामातही सगळे महिने सारखे नसतात. जून-जुलैत बर्फ वितळून नद्या फुगतात आणि गढूळ होतात. ऑगस्टअखेर पाणी निवळू लागले की खरे दिवस येतात. झऱ्यांवर पोसलेली कोकरनागकडची ब्रेंगी याला बरीचशी अपवाद. मत्स्य खाते नद्यांचे ‘बीट’ म्हणजे ठरावीक टप्पे पाडून परवाने देते. दिवसाला किती मासे ठेवायचे यावर मर्यादा आहे. हल्ली पुष्कळ जण टोकाशी उलटा काटा नसलेला आकडा वापरून मासा परत सोडतात.

नद्यांतली संख्या टिकवण्यासाठी मत्स्यबीज केंद्रांतून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडली जातात. कोकरनागचे केंद्र 1980 च्या दशकात युरोपीय आर्थिक समुदायाच्या मदतीने उभे राहिले. ताटात येणारा मासा बहुतेक वेळा अशा हौदांत वाढलेला रेनबो असतो. तो खाद्यावर लवकर वाढतो म्हणून त्याला पसंती.

या पाहुण्याची किंमत मूळ रहिवाशांनी मोजली. काश्मीरचे स्थानिक ‘स्नो ट्राउट’ नावापुरतेच ट्राउट आहेत. ते रोहू-कटल्याच्या कार्प कुळातले असून त्यांतले बहुतेक दगडावरचे शेवाळ खरवडून खातात. ब्राउन ट्राउट शिकारी असल्याने त्यांची पिल्ले त्याच्या तोंडी पडतात, आणि डोंगरी नाल्यांतून ते मागे हटण्याचे हे एक कारण मानले जाते.

आता धोका दोघांनाही आहे. नदीपात्रातून वाळू-खडी उपसली की अंडी घालायची जागा जाते, आणि बर्फ कमी पडलेल्या हिवाळ्यानंतर नाले आटतात. फेब्रुवारी 2022 मध्ये कोकरनागजवळ वांडेवलगाम येथे ब्रेंगीच्या पात्रात विवर पडून सारा प्रवाह त्यात गडप झाला आणि खालच्या कोरड्या पात्रात ट्राउट मोठ्या संख्येने मेले. चुनखडीच्या त्या भूभागात जमिनीखाली पाण्याच्या वाटा आहेत. ज्या झऱ्यांनी ब्रेंगीला निवळशंख आणि गार ठेवले, तेही याच वाटांनी वर येतात.