वंशसंहाराचा नकार: कोशातली नोंद आम्ही कशी लिहितो

कोश आणि संदर्भग्रंथांचे संपादन आमच्याकडे सोपवणारे प्रकाशक व संस्था पुष्कळदा सुचवतात, ‘विषय वादाचा आहे, दोन्ही बाजू द्या.’ इतर बहुतेक नोंदींत आम्ही तसे करतोही. वंशसंहाराच्या नकाराबाबत मात्र करत नाही, आणि त्याचे कारण काम सोपवण्याआधीच तुम्हाला ठाऊक असावे, म्हणून हे पत्रक.

आमची व्याख्या अशी: निवाडे, कागदपत्रे, अवशेष आणि साक्षी यांनी सिद्ध झालेला वंशसंहार घडलाच नाही असे म्हणणे, किंवा पुरावा डावलून त्यामागचा, तो समूह नष्ट करण्याचा, हेतू नाकारणे, बळी कमी दाखवणे, दोष बळींवरच टाकणे.

स्रेब्रेनिकाचे उदाहरण घ्या. पूर्व बोस्नियातले हे गाव संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले होते. बोस्नियन सर्ब फौजेने ११ जुलै १९९५ रोजी ते घेतले आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक बोस्नियाक मुसलमान पुरुष व मुलगे ठार केले. काही आठवड्यांनी त्यांची सामूहिक दफनस्थळे यंत्रांनी उकरून प्रेते दुसरीकडे पुरण्यात आली. त्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन ठिकाणी सापडली, आणि ती डीएनए चाचणीने जुळवावी लागली. नकाराचे काम त्या यंत्रांपासूनच सुरू झाले होते. म्हणून आमच्या नोंदीत हा तपशील असतोच.

आता हे वाक्य पाहा: ‘स्रेब्रेनिकात वंशसंहार झाला का, याबद्दल मतभेद आहेत.’ वाक्य सभ्य आहे, पण वाचकाची फसवणूक करणारे आहे. त्याजागी आम्ही लिहितो: ‘माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००१ मध्ये बोस्नियन सर्ब जनरल क्रस्तिच यांच्या खटल्यात, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये, तेथे वंशसंहार झाल्याचा निर्णय दिला. रिपब्लिका सर्प्स्का या बोस्नियातल्या सर्बबहुल प्रदेशाचे अनेक नेते तो नाकारतात. हत्यांची कबुली देणारा २००४ चा सरकारी अहवाल तेथील विधानसभेने २०१८ मध्ये रद्द ठरवला.’ नकार नोंदीत येतो, पण कोणाचा आणि कधीचा ते सांगून.

उलट बाजूनेही तितकीच काळजी हवी. २००७ च्या त्याच निकालात बोस्नियात इतरत्र वंशसंहार सिद्ध झाला नाही, असे म्हटले आहे. स्रेब्रेनिकातला वंशसंहार सर्बियाने केल्याचे न्यायालयाने मानले नाही. तो रोखण्यात व दोषींना शिक्षा करण्यात कसूर केल्याचे मानले. हे सांगणारा वंशसंहार नाकारत नाही. मृतांच्या आकड्यावर पुरावे तपासून वाद घालणारा अभ्यासकही तो नाकारत नाही. ‘वंशसंहार नाकारणारा’ हा शिक्का जड आहे. व्यक्तीचे नेमके विधान, तारीख आणि ठिकाण हाती असल्याशिवाय आम्ही तो कोणावर मारत नाही.

आर्मेनियनांच्या १९१५ च्या संहाराबाबत नकार देणारे खुद्द तुर्कस्तानचे सरकार आहे. तिथे आम्ही सरकारची भूमिका त्याच्या नावाने देतो, आणि १९१९–२० मध्ये इस्तंबूलच्या ऑटोमन लष्करी न्यायालयांनीच काही जबाबदारांना दोषी ठरवले होते, हे त्याच परिच्छेदात लिहितो. पुढच्या पानावर ढकललेला पुरावा बहुतेक वाचक पाहत नाहीत.

मजकूर पाठवताना प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून घेतला ते लिहा. ‘काहींच्या मते’ असे असेल तिथे ते काही कोण, तेही लिहा. नावे देता येत नसतील तर ते वाक्य आम्ही काढून टाकू आणि तसे तुम्हाला कळवू.