इंजिन निवू देणं आणि इंजिन नुसतं चालू ठेवणं

ऐन हंगामात साखर कारखान्याच्या यार्डात रात्री चक्कर मारा. काही ट्रॅक्टर बंद, काही धडधडत उभे. धडधडणाऱ्यांपैकी एखादाच नुकता दोन भरल्या ट्रॉल्या ओढत आलेला असतो, बाकीचे तासाभरापासून नंबरची वाट बघत तसेच उभे असतात. आवाज सगळ्यांचा एकच, म्हणून गल्लत होते. नुकत्या आलेल्याचं इंजिन निवतंय. बाकीच्यांचं फक्त डिझेल जळतंय.

निवू देणं गरजेचं आहे, आणि ते मुख्यतः टर्बोसाठी, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यासाठी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. चढावर ओढून आल्या आल्या स्टॉपचा नॉब ओढला की ऑइलपंप थांबतो. टर्बो मात्र आणखी थोडा फिरतो, आणि त्याच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल कढईच्या तळाला करपतं तसं करपतं. हे रोज झालं की टर्बो शिट्टी मारायला लागतो, ऑइल प्यायला लागतो. म्हणून जड कामानंतर तीन ते पाच मिनिटं स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू ठेवायचं. यार्डात शेवटची पाच मिनिटं रांगत आला असाल, तर तेवढ्यात निवणं झालेलं असतं. बिनटर्बोच्या जुन्या ट्रॅक्टरला मिनिट-दोन मिनिटं पुरतात.

त्यापुढचं प्रत्येक मिनिट दुसऱ्या खात्यात जातं. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आली आहे की नुसता उभा ट्रॅक्टर तासाला एक लिटरपेक्षा जास्त डिझेल खातो. सहा तास नंबर लागला नाही तर सहा लिटर, म्हणजे लिटरला नव्वद धरले तरी 540 रुपये. एका खेपेचे.

डिझेलच्या खर्चापेक्षा मला इंजिनाची जास्त काळजी वाटते. स्लोवर सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही. उरलेलं इंजेक्टरच्या तोंडाशी काजळी धरतं, थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. सायलेन्सरच्या जोडावर काळा तेलकट ओघळ दिसला, की डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून वास घ्या. डिझेलचा वास आला आणि ऑइल भरलं होतं त्यापेक्षा पातळी वर दिसली, तर ते ऑइल पातळ झालंय. वाढलेली पातळी बघून खूश होणारे भेटतात, तेव्हा खरंच जीव तुटतो.

नव्या यंत्रांत तर हे आणखी महाग पडतं. बांधकामाच्या यंत्रांना एप्रिल 2021 पासून आणि 50 एचपीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी 2023 पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. यातल्या ज्या यंत्रांना धुराचा फिल्टर आहे, तो अशा थंड चालण्यानं लवकर तुंबतो. (फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असेल, तेव्हा मात्र इंजिन मध्येच बंद करू नका.)

शेततळ्याच्या खोदाईवरचा जेसीबी डंपरची वाट बघत थांबतो, तेव्हा तासाचं मीटरही पळत असतं. ऑइल दर 250 तासांनी बदलायचं, तर त्यातले कित्येक तास माती न उचलताच संपतात. डंपर दोन-तीन मिनिटांत येणार असेल तर बंद करू नये, कारण सारखा सेल्फ मारणं स्टार्टरला आणि बॅटरीला जड जातं. पाच मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर बकेट जमिनीला टेकवून बंद करावा. चालू करायला लागणारं डिझेल अर्ध्या मिनिटाच्या स्लो चालण्याइतकंही नसतं.

यार्डात ट्रॉल्यांच्या आडोशाला बायका-पोरं झोपलेली असतात. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2012 मध्ये जाहीर केलंय. तो धूर रात्रभर त्यांच्या नाकाशी असतो.

मग लोक बंद का करत नाहीत? बहुतेकांचं उत्तर एकच: "बंद केला तर परत चालू होणार नाही." हँडल मारून इंजिन चालू करायच्या काळात ही भीती खरी होती. आज तिचं कारण बहुतेक वेळा बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी असते, नाहीतर ढिला अर्थिंगचा बोल्ट किंवा सैल फॅनबेल्ट. टर्मिनल सोडा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून घासा, कोरडं करून ग्रीस लावा आणि घट्ट आवळा. अर्ध्या तासाचं काम आहे, हंगाम सुरू व्हायच्या आधी उरकून घ्या.