थाप आणि दोन थापांमधली शांतता

फोंड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनी गेल्या महिन्यात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. मुलगी सात वर्षांची, दुसरीत शिकते. वर्षभरात भराभर उंच झाली आणि छातीची वाढही सुरू झाली. डॉक्टरांनी तपासण्या करून दर महिन्याला ल्युप्रोलाइड नावाचे इंजेक्शन सांगितले होते. वहिनींनी मोबाईलवर शोधले, तेव्हा कळले की मुलांना वयात आणणारे मेंदूतले जे संप्रेरक, म्हणजे हार्मोन आहे, हे औषध त्याचेच जुळे भावंड. "भाऊ, तेच जास्त झालंय म्हणून ही लवकर वयात येतेय, आणि वरून तेच टोचायचं? आगीत तेलच ना हे?"

प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर मला शरीरशास्त्रातल्या सगळ्यांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

त्या संप्रेरकाचे नाव गोनॅडोट्रॉपिन रिलीझिंग हार्मोन, थोडक्यात जीएनआरएच. जेमतेम दहा अमिनो आम्लांची साखळी. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस भागात, माणसाच्या बाबतीत हजार-दोन हजार चेतापेशी ते बनवतात. तिथून बारीक रक्तवाहिन्यांतून ते खालच्या पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी ग्रंथीत पोचते. ती ग्रंथी मग एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते आणि त्यांच्या सांगण्यावरून बीजांडकोश किंवा वृषण कामाला लागतात. अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या आणि रॉजर गिलेमँ यांनी मेंढ्यांच्या लाखो मेंदूंतून याचे कण गोळा केले, १९७१ साली रचना उलगडली आणि १९७७ साली दोघांना नोबेल मिळाले.

रचना कळली, म्हणजे आता हे टोचले की पुनरुत्पादन सुरू, असे वाटणे साहजिक होते. पण इथेच गोष्ट वळते.

पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट क्नोबिल आणि त्यांचे सहकारी ऱ्हीसस माकडांवर काम करत होते. ज्या माकडिणींच्या मेंदूतला जीएनआरएचचा पुरवठा बंद पाडला होता, त्यांना त्यांनी ते बाहेरून दिले. अखंड धारेने दिले, तर एलएच आणि एफएसएच वाढायचे सोडून खाली बसले. मग दर तासाला फक्त सहा मिनिटे दिले आणि उरलेली चोपन्न मिनिटे काहीच दिले नाही. दोन्ही संप्रेरके पूर्ववत झाली. हा प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी त्याच गटाने वयात न आलेल्या माकडिणींना असेच तासातासाने जीएनआरएच दिले, तर त्यांची पाळीची चक्रे सुरू झाली. देणे थांबवल्यावर त्या पुन्हा बालवयात गेल्या!

चवथीच्या आरतीत घुमट हे मातीचे चर्मवाद्य वाजते, तेव्हा प्रत्येक थाप वेगळी ऐकू येते, कारण दोन थापांच्या मध्ये जागा असते. पीयूषिका ग्रंथीला संप्रेरकाचा साठा कळत नाही, थाप कळते. म्हणूनच निसर्गाने जीएनआरएच अल्पायुषी केले आहे. रक्तात ते दोन-चार मिनिटांत निम्मे होते. थाप पडली की आवाज लगेच विरला पाहिजे, नाहीतर पुढची वेगळी कशी ऐकू येणार? लयसुद्धा बदलते. थापा जलद पडल्या तर एलएच जास्त, सावकाश पडल्या तर एफएसएच जास्त. स्त्रीच्या चक्राच्या पहिल्या अर्ध्यात साधारण तास-दीड तासाला एक थाप पडते, बीज सुटल्यावर ती तीन-चार तासांवर जाते.

अखंड धारेने ग्रंथी बहिरी का होते, हे पेशीच्या पातळीवर पाहू. पेशीच्या आवरणात जीएनआरएचचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारी प्रथिने, बसलेले असतात. संप्रेरक ग्राहीला चिकटले की पेशीत कॅल्शियम उसळते आणि साठवलेले एलएच बाहेर पडते. ग्राही रिकामे झाले की पेशी पुन्हा सज्ज होते. ते रिकामे होऊच दिले नाहीत, तर पेशी ग्राही आत ओढून घेते, नवे कमी बनवते आणि आतल्या संदेशवाहक प्रथिनांची साखळीही मंदावते. यात एक मजेशीर तपशील आहे. अशा प्रकारच्या बहुतेक ग्राहींना पेशीच्या आत लोंबणारी शेपटी असते, आणि तिला धरूनच पेशी त्यांना पटकन आत खेचते. माणसाच्या जीएनआरएच ग्राहीला ती शेपटीच नाही. माशांच्या ग्राहीला आहे. त्यामुळे आपली पीयूषिका मिनिटांत बहिरी होत नाही, तिला दिवस लागतात.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ल्युप्रोलाइडमध्ये साखळीतले सहावे अमिनो आम्ल बदलून तिथे ल्युसिनचे आरशातले प्रतिबिंब बसवले आहे आणि शेवटचे टोकही बदलले आहे. शरीरातल्या विकरांना (एन्झाइम्सना) ही साखळी सहज तोडता येत नाही. त्यात महिनाभर हळूहळू झिरपेल अशा रूपात ते टोचतात. म्हणजे थाप जाऊन अखंड घूं उरते. पहिले काही दिवस एलएच वाढते, क्वचित एखाद्या मुलीला थोडा रक्तस्रावही होतो. मग ग्रंथी ऐकेनाशी होते आणि वयात येणे थांबते. उंचीसाठी हे महत्त्वाचे असते, कारण बीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन लवकर वाढले की हाडांची टोके लवकर जुळतात आणि आज वर्गात सगळ्यांत उंच असलेली मुलगी मोठेपणी बुटकी राहते.

मग हा ठेका धरतो कोण? १९९६ साली अमेरिकेतल्या हर्शी गावी कर्करोगाचा प्रसार रोखणारे एक जनुक सापडले. तिथल्या 'किस' नावाच्या प्रसिद्ध चॉकलेटवरून त्याला किस-वन नाव पडले आणि त्याच्या प्रथिनाला पुढे किसपेप्टिन म्हणू लागले. २००३ साली पॅरिस आणि बोस्टनच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की किसपेप्टिनचा ग्राही बिघडलेली माणसे वयातच येत नाहीत. हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी किसपेप्टिनसोबत आणखी दोन रसायने बनवतात. न्यूरोकायनिन बी शेजारच्या पेशींना चेतवते, डायनॉर्फिन त्यांना गप्प करते. चेतवणे आणि गप्प करणे यांच्या खेळातून ठेका जन्मतो, आणि किसपेप्टिन तो जीएनआरएचच्या पेशींना सांगते. या पेशी बालपणी शांत राहून ठराविक वयात जाग्या कशाने होतात, यावर आजही संशोधन चालू आहे.

वहिनींना कोणी ब्रॉयलर चिकनला दोष द्यायला सांगितले होते, कोणी मुलीची दृष्ट काढून घाडीकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे, जायचा सल्ला दिला होता. मला याचा राग येतो. सात वर्षांच्या मुलीला आपल्या अंगात काहीतरी लागले आहे असे वाटायला लावणे क्रूर आहे, आणि त्यात गेलेले महिने हाडे परत देत नाहीत. बहुतेक मुलींमध्ये एक ठराविक कारण सापडतही नाही. 'हार्मोन बॅलन्स' करणाऱ्या पावडरींचेही तसेच. जीएनआरएचसारखी साखळी पोटात गेली तर डाळीतल्या प्रथिनासारखी पचून जाते, आणि पावडरीला ठेका धरता येत नाही.

याच संप्रेरकाची दुसरी बाजू माशांत दिसते. जूनमध्ये आपल्याकडे मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओहोळातून शेतात चढतात, पोटात गाबोळी घेऊन. रोहू-कटलासारखे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात मात्र अंडी सोडत नाहीत, त्यांना नदीचा पूर लागतो. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशांच्याच पीयूषिकेचा अर्क टोचून त्यांना अंडी सोडायला लावले. आता मत्स्यबीज केंद्रांत त्याऐवजी जीएनआरएचचे टिकाऊ रूप वापरतात, सोबत डोम्पेरिडोन, जे माशाच्या मेंदूतल्या डोपामिन या रसायनाने अंडी सोडण्याला घातलेला लगाम सैल करते. एक टोचणी, आणि काही तासांत अंडी. मत्स्यबीज केंद्राला पहिली उसळी हवी असते, वहिनींच्या डॉक्टरांना तिच्यानंतरची शांतता.

हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे ते कायमचंच बंद पडणार?" नाही. इंजेक्शने साधारण अकराव्या वर्षाच्या आसपास थांबवतात. वरच्या पेशी जाग्याच असतात, खालची ग्रंथी काही महिन्यांत पुन्हा ऐकू लागते, आणि वर्ष-दीड वर्षात पाळी सुरू होते. पहिले इंजेक्शन मंगळवारी झाले. दुसऱ्याची तारीख वहिनींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे.