विकत घेतलेल्या माध्यमाची बॅकअप प्रत (भारतीय कायदा)

विकत घेतलेली सीडी, डीव्हीडी किंवा सॉफ्टवेअर खराब झाले तर अडू नये म्हणून मालकाने स्वतःपुरती काढून ठेवलेली जादा प्रत. ती कायद्यात बसते का, हे भारतात माध्यमागणिक बदलते.

थेट परवानगी आहे ती सॉफ्टवेअरला. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(एए) १९९४च्या दुरुस्तीने आले. सॉफ्टवेअरची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे, त्याला ती हरवणे, नष्ट होणे किंवा बिघडणे यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप काढता येतो. मात्र सॉफ्टवेअर ज्या कामासाठी दिले, त्याच कामासाठी. एका लायसन्सवर ऑफिसातले चार संगणक चालवणे यात बसत नाही, मग डिस्कवर ‘बॅकअप’ असे कितीही ठळक लिहिलेले असो.

गाणी आणि चित्रपटांसाठी असे स्वतंत्र कलम नाही. तिथे आधार कलम ५२(१)(ए)चा, म्हणजे खासगी वापरासाठीच्या ‘फेअर डीलिंग’चा (रास्त वापराचा). २०१२पूर्वी हे कलम साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरते होते. ध्वनिमुद्रण व चित्रपट बाहेरच राहत. २०१२च्या दुरुस्तीने सॉफ्टवेअर वगळता सर्व कृती त्यात आल्या आणि अशा वापरासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हे उल्लंघन नाही, असे स्पष्टीकरणही जोडले गेले. ‘फेअर’ म्हणजे किती, याची व्याख्या मात्र कायद्यात नाही. स्वतःच्या सीडीची हार्ड डिस्कवरची एक प्रत भक्कम बाजूची. तीच फाइल मित्रमंडळींत वाटली, किंवा मूळ डिस्क विकून प्रत ठेवून घेतली, की बाजू लंगडी पडते.

खरी गुंतागुंत कुलपाची, म्हणजे प्रत काढू न देणाऱ्या तांत्रिक संरक्षणाची आहे. ऑडिओ सीडीला सहसा कुलूप नसते. तिथे अडचण ओरखड्यांची. न वाचलेला भाग ड्राइव्ह अंदाजाने भरून काढतो आणि तसे सांगतही नाही, म्हणून दोनदा वाचून ताळा घेणारे सॉफ्टवेअर वापरावे व फ्लॅकसारख्या, दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात साठवावे. व्हीसीडीलाही कुलूप नसते: एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डीएटी फाइल घेतली की काम झाले. बाजारातल्या बऱ्याच डीव्हीडींवर मात्र सीएसएस नावाची कूटबद्धता असते, म्हणजे किल्लीशिवाय चित्र उलगडत नाही. तिच्या किल्ल्या डिस्कच्या अशा भागात असतात, जो साध्या कॉपी-पेस्टमध्ये येतच नाही. त्यामुळे चित्रपट ज्यांत असतो त्या व्हीओबी फाइली उतरल्या तरी चित्राच्या जागी रंगीत चौकोन दिसतात.

कलम ६५ए अन्वये कुलूप तोडणे गुन्हा ठरते ते हक्कभंगाच्या हेतूने तोडल्यास; शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी तोडण्यास हे कलम आड येत नाही. पण दुसऱ्याला कुलूप तोडून देणाऱ्याने त्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवायची असते. डिस्कवरून पेनड्राइव्हवर उतरवून देणाऱ्या दुकानदारांनी ही अट वाचलेली बरी.

स्ट्रीमिंग ॲपमधले ‘डाउनलोड’ ही विकत घेतलेली प्रत नव्हे. तिथे ग्राहकाच्या हाती फक्त परवाना असतो, आणि वर्गणी संपली की फाइल उघडत नाही.

अमेरिकेत १९९८च्या डीएमसीए कायद्याने हेतू न पाहता कुलूप तोडण्यालाच बंदी केली. वैयक्तिक बॅकअपसाठी मागितलेली सूट तिथे नाकारली गेली आहे. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४मध्ये खासगी प्रतीला मुभा दिली, पण जुलै २०१५मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. परदेशी नेलेल्या मराठी नाटकांच्या डीव्हीडीची प्रत काढताना लागू होतो तो तिथला कायदा, डिस्क पुण्यात घेतलेली असली तरी.