सापांची विषारी-बिनविषारी पारख (अठरावे शतक)

साप विषारी आहे की बिनविषारी, हे त्याच्या शरीररचनेवरून ठरवण्याचे पद्धतशीर प्रयत्न युरोपीय निसर्ग-अभ्यासकांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात केले. विष पित्तात नसून विषदंतांपाशी असलेल्या पिवळसर द्रवात असते, हे इटलीतील फ्रांचेस्को रेदी याने १६६४ मध्येच दाखवून दिले होते. तरीही समोरच्या सापाला तसे दात आहेत का, हा प्रश्न उरलाच. स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियसने पोटावरचे आडवे खवले आणि शेपटीखालचे खवले मोजून जाती वेगळ्या केल्या. पण या आकड्यांवरून विषाचा काहीच अंदाज येत नसे.

ब्रिटिश म्युझियममधील एडवर्ड व्हिटेकर ग्रे याने १७८९ मध्ये याच प्रश्नावर रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. भारतात या कामाला खरे मोल आले ते पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्यामुळे. ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गतज्ज्ञ म्हणून विशाखापट्टणम परिसरात साप गोळा करताना त्याने कोंबड्या व कुत्र्यांना दंश करवून विषाची तीव्रता तपासली, आणि १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. घोणस त्याला नागाखालोखाल घातक वाटली. तिच्या शास्त्रीय नावात आज त्याचेच नाव आहे.

या काळातील सर्वांत भरवशाची खूण जबड्यात होती. बिनविषारी सापाच्या वरच्या जबड्यात टाळूवरच्या दोन रांगांखेरीज दोन्ही कडांना दातांची एकेक पूर्ण रांग असते. विषारी सापात या बाहेरच्या रांगेच्या जागी पुढे विषदंत असतात व त्यांच्यामागे दात नसतात किंवा मोजकेच असतात. मात्र ही खूण बहुधा मेलेल्या सापातच पाहता येई. रंगावर विसंबणे तर धोक्याचेच: मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्याकडे पुसट व शेपटीकडे ठळक असतात, बिनविषारी कवड्याचे नेमके उलट, आणि अंधारात हा फरक दिसत नाही. शिवाय कवड्याचे पुढचे काही दात लांब असल्याने घाईत तेही विषदंत वाटू शकतात. बाह्य खुणांपैकी चपटी, वल्ह्यासारखी शेपटी मात्र समुद्रसाप ओळखायला पुरेशी ठरते.

हरणटोळ आणि मांजऱ्या या कसोटीत नीट बसत नाहीत. त्यांच्या दातांची बाहेरची रांग पूर्ण असते, पण तिच्या मागच्या टोकाला खाचेचे विषदंत असतात. अशा सापांना मराठीत निमविषारी म्हणतात.