‘तुझं खरंय’ आणि ‘तुला तसं वाटणं साहजिक आहे’

दोन आठवड्यांच्या सुट्टीनंतर थेरपिस्ट परत आल्या आहेत. समोर बसलेली मुलगी वीस मिनिटं उशिरा आली, पर्स अजून खांद्यावरच. “मॅडम, तुम्हालाही माझा कंटाळा आलाय. पुढच्या आठवड्यापासून मी येत नाही.”

नवखा समुपदेशक इथे “उगाच मनाला लावून घेऊ नकोस गं” म्हणतो. त्याहून मवाळ असेल तर, “तुझं खरंय, मी सुट्टी घ्यायलाच नको होती.” या दुसऱ्या उत्तरालाच बरेच जण व्हॅलिडेशन, म्हणजे समोरच्याची भावना समजण्यासारखी आहे असं मान्य करणं, समजतात. तो नुसता होकार झाला. व्हॅलिडेशन असं: “मी दोन आठवडे नव्हते, आणि तुझी माणसं याआधी अशीच निघून गेलीत. भीती वाटणं साहजिक आहे. पण मला कंटाळा आलेला नाही.” भीती खरी मानली, तिच्यातून काढलेला निष्कर्ष नाही.

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना टोकाला जाणं आणि आपलं माणूस सोडून जाईल ही सततची भीती असलेला मानसिक विकार. त्याच्या उपचारात माणूस टिकतो की उठून जातो, ते पुष्कळदा इथेच ठरतं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान आधी निव्वळ बदलावर भर देत. लोकांना वाटे, म्हणजे सगळा दोष माझाच. ते चिडत, येणं सोडत. मग नुसतं समजून घेऊन पाहिलं, तर उलटी तक्रार: इथे माझा जीव जातोय आणि तुम्ही फक्त माना डोलावताय! या दोन टोकांची सांगड घालून डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी, म्हणजे डीबीटी, तयार झाली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा डीबीटीत लोक जास्त टिकले. (तरुणपणी आपण स्वतः याच यातनांतून गेलो, हे लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. नुसत्या माना डोलावणाऱ्यांवरचा वैताग त्यांना नेमका कळला, यात मला तरी नवल वाटत नाही.)

होकार देणाऱ्याला नियम लावणं जड जातं. डीबीटीत नियम कडक आहेत: सलग चार आठवडे सेशन चुकवली, की ठरलेली मुदत संपेपर्यंत त्या उपचारातून बाहेर. फोनचंही तसंच. स्वतःला इजा करावीशी वाटली तर आधी फोन करायचा. थेरपिस्ट त्या क्षणापुरतं काय करता येईल ते सांगतो. इजा करून झाल्यावर मात्र पुढचे चोवीस तास हे फोनवरचं बोलणं बंद. जिवाला धोका असेल तर मदत मिळतेच, गप्पा मिळत नाहीत.