इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये धार फाटत नाही, ती ताणली जाते

इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे पॉलिमरच्या द्रावणाला उच्च व्होल्टेज देऊन त्याचे अतिबारीक तंतू काढण्याची पद्धत. त्यात सुईतून निघालेली पॉलिमरची धार विजेच्या जोराने फाटते, तिच्या असंख्य धारा होतात, म्हणून तंतू इतके बारीक येतात, असं अजूनही सांगितलं जातं. ते बरोबर नाही.

समजाला कारण होतं. धार सुईपासून थोडं अंतर सरळ जाते आणि मग डोळ्याला विस्कटलेल्या कुंचल्यासारखी दिसते. साध्या कॅमेऱ्यातही तसंच. २०००च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅक्रन विद्यापीठातल्या डॅरेल रेनेकर यांच्या गटाने आणि एमआयटीतल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने पाहिलं, तेव्हा तिथे एकच धार होती, प्रचंड वेगाने वेटोळी घेणारी. धारेतले सजातीय विद्युतभार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे जराही बाक आला की तो वाढतच जातो. वेटोळं मोठं होताना धार ताणली जाते, द्रावक उडून जातो, आणि मागे उरतो तो मायक्रोमीटरपेक्षाही बारीक तंतू. काही वेळा धारेला फांद्या फुटतात, हे खरं. पण बारीकपणा येतो मुख्यतः ताणामुळे.

म्हणूनच तंतू जाड येत असतील तर नुसतं व्होल्टेज चढवत बसू नका. द्रावणाचा दाटपणा, त्याची विद्युतवाहकता आणि सुईपासून संग्राहकापर्यंतचं, म्हणजे तंतू जिथे जमा होतात तिथपर्यंतचं, अंतर आधी तपासा. धारेला ताणायला वाव मिळायला हवा.